कुसुंब्याला विमान आलं, गेलं, परत आलं

माझे वडील, आप्पा, पहिल्यांदा विमानात बसले ते ६६व्या वर्षी, पुण्याहून जळगावला येताना. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात माझ्याकडे राहून करून घेतलेलं, महिनाभरात पार कंटाळलेले, रोज सकाळी चहाबरोबर एकच विषय की मला घरी सोड, आणि रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बर्थवर त्यांना आदळत आपटत न्यायचं माझ्या काही जिवावर आलं. मग बघितलं तर पुणे-जळगाव फ्लाइट नुकतीच सुरू झालेली, तिकीट पण अगदी डोळे पांढरे करणारं नव्हतं, केलं बुक. आप्पांना आदल्या दिवशी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी बसून दाढी केली, जी ते एरवी सकाळीच करतात.

लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, सिक्युरिटीत त्यांची पिशवी एक्सरेच्या मशीनमध्ये गेली आणि पट्टा थांबला. आई आधीच रेल्वेने घरी गेली होती आणि जाताना तिचं भरीत ठेचायचं लाकडी दांडकं माझ्याकडे विसरली होती, ते आप्पांनी मला न सांगता हातातल्या पिशवीत टाकलेलं, टॉवेलमध्ये गुंडाळून. जवान विचारतोय काका ये क्या है, आणि आप्पा त्याला शांतपणे समजावून सांगतायत की वांगं भाजलं की साल काढायची, मग हिरवी मिरची लसूण घालून याच्याने ठेचायचं, मिक्सरमध्ये चव येत नाही. मागे लाइन वाढत चाललेली. शेवटी मी ते दांडकं घेऊन चेक-इनच्या काउंटरला पळालो आणि त्याला स्वतंत्र टॅग लावून सामानात टाकलं. त्या टॅगवर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं जेएलजी, म्हणजे जळगावचा विमानतळाचा कोड. आईने तो टॅग अजून काढलेला नाही, दांडक्याला तसाच लटकतोय आणि त्याला भरताचं तेल लागलंय.

विमान म्हणजे एटीआर, पंख्याचं, सत्तरेक सीटचं. याची एक गोष्ट मला फार आवडते, याचे पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे कुठल्याही खिडकीत बसा, खालचं सगळं दिसतं. आणि हे जेटसारखं फार उंच पण जात नाही. अजिंठ्याचा डोंगर संपला आणि खाली सपाट सुरू झालं तसे आप्पा खिडकीला जे चिकटले ते चिकटलेच. केळीची बाग वरून ओळखू येते, गडद हिरवी, एकदम चौकोन कापल्यासारखी, बाजूला कापसाचं रान फिक्कं. मग एमआयडीसीचे पत्रे चमकायला लागले आणि आम्ही कुसुंब्याला उतरलो, जळगावचा विमानतळ तिथेच आहे. छोट्या विमानतळाला बस वगैरे भानगड नसते, शिडी उतरायची आणि चालत बिल्डिंगमध्ये जायचं. आप्पा मधेच थांबले, कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "या भिंतीच्या पलीकडून चाळीस वर्ष सायकल मारली रे मी."

खरंच आहे. आमचं मूळ गाव अजिंठा रोडवरच, कुसुंब्याच्या पुढे, आणि आप्पा कामाला एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात. जळगावच्या चटया, प्लास्टिकच्या, देशभर जातात हे बाहेरच्यांना माहीत नसतं, त्यांना फक्त केळी आणि सोनं माहीत. (ज्यांना कुसुंबा म्हटल्यावर धुळे-साक्री रोडवरचं कुसुंबा आठवलं त्यांच्यासाठी, ते वेगळं. रावेरकडे पण एक आहे. खान्देशात कुसुंबे कमी नाहीत.) तर विमानतळ हा आमच्यासाठी रस्त्यावरची एक खूण होती, जसं एखाद्याला पेट्रोल पंप असतो तसा. विमानतळ गेला की कुसुंबा आलं, कुसुंबा गेलं की एमआयडीसी. विमान हा विषयच नव्हता.

मधे एकदा मला खूळ भरलं आणि मी या विमानतळाची सगळी कुंडली शोधून काढली, आप्पांच्या आठवणी एका बाजूला आणि तारखा दुसऱ्या बाजूला लावून बघितल्या. मजा आहे सगळी.

धावपट्टी बांधली ती १९७३ मध्ये, पीडब्ल्यूडीने, म्हणजे जे खातं रस्ते आणि पूल बांधतं त्यांनीच. आप्पा तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांना आठवतं ते डांबराचे ड्रम आणि रोडरोलर, आणि गावात चर्चा की एवढा रुंद रस्ता बांधून राहिले आणि कुठेच जात नाही. त्या काळात महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याला अशा पट्ट्या झाल्या, धुळ्याची गोंदूरची पण त्याच जमान्यातली. उद्देश साधा, मंत्री आले, मोठा अधिकारी आला, पूर-दुष्काळाची पाहणी करायची असली, की उतरायला जागा पाहिजे. तिकीट काढून लोकं बसतील असा विचार करून ती बांधलेलीच नव्हती, हे लक्षात ठेवलं की पुढचं अर्धं रडगाणं समजतं. माझी आजी अमळनेरकडची, तिची अहिराणी शेवटपर्यंत सुटली नाही. वरून काही घरघरलं की अंगणात येऊन ओरडायची, "इमान ऊनं रे!", म्हणजे विमान आलं रे, आणि आम्ही पोरं पळायचो. बहुतेक वेळा हेलिकॉप्टर असायचं. आजीच्या लेखी तेही इमानच.

१९९७ ला हा विमानतळ जळगाव नगरपालिकेने चालवायला घेतला. महापालिका नंतर झाली, २००३ ला, तेव्हा नगरपालिकाच होती. आता नगरपालिका आणि विमानतळ हे जरा ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्या गावाची पालिकेची इमारतच सतरा मजली आहे त्या गावाला असले उद्योग सुचणार. तरी नळ, गटारी, दिवाबत्ती सांभाळणाऱ्या संस्थेने धावपट्टी पण सांभाळायची म्हणजे जरा जास्तच झालं, आणि झालंही तसंच, एप्रिल २००७ मध्ये तो राज्य सरकारच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेला, नागपूरचं मिहान जिच्याकडे आहे तीच कंपनी. मग जुलै २००९ मध्ये राज्य सरकारचा आणि केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाचा करार झाला की हे सगळं नव्याने बांधायचं. म्हणजे छत्तीस वर्षांत चार मालक. आप्पा म्हणतात शेत एवढ्या वेळा विकलं असतं तर तलाठी पण कंटाळला असता.

आणि मग जे झालं ते जळगावकरांना पाठ आहे. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या. ताई आमच्या जिल्ह्याच्या, १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाल्या त्या जळगावातूनच. जून २०१० मध्ये त्यांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि २३ मार्च २०१२ ला त्यांच्याच हस्ते उद्घाटन. जुलैमध्ये त्यांची मुदत संपणार होती, त्यामुळे काम कसं सुटलं असेल ते तुम्हीच समजा, आपल्याकडे सरकारी काम पावणेदोन वर्षांत उरकतं हे मी तरी दुसरीकडे बघितलेलं नाही. नवी टर्मिनल बिल्डिंग, काचेची, नवी पट्टी, पार्किंग, बाहेर बगीचा. कारखान्यात त्या दिवशी कोणाचं कामात लक्ष नव्हतं, सगळे गच्चीवर.

पुढचं नियमित प्रवासी विमान आलं २३ डिसेंबर २०१७ ला.

परत वाचा. २३ मार्च २०१२, आणि २३ डिसेंबर २०१७. पाच वर्ष नऊ महिने, तारीख सुद्धा तीच. मधल्या काळात उद्योगपतींची खाजगी विमानं, नेत्यांची चार्टर, बाकी बगीच्याला पाणी घालणं चालू. रोज संध्याकाळी सुट्टी झाल्यावर आप्पा त्या काचेच्या बिल्डिंगवरून सायकलने जायचे आणि आत लाइट चालू असायचे. "एवढं लाइट बिल कोण भरतं रे?" हा त्यांचा कायमचा प्रश्न, आणि प्रश्न बरोबर होता.

मला आधी वाटायचं की विमानतळ बांधला की विमान येतं, जसं स्टॅन्ड बांधलं की एसटी येते. तसं नसतंच. एसटी सरकारची, तिला सांगितलं की ती येते. विमान कंपनी खाजगी, तिला परवडलं तर ती येणार. आणि जळगावसारख्या गावाला परवडणं अवघड का आहे तर पहिली गोष्ट, आपल्याला रेल्वे आहे, आणि चांगली आहे. संध्याकाळी-रात्री गाडीत बसा, झोपा, सकाळी दादरला उतरा, सव्वाचारशे किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेस आहे, अमरावती एक्सप्रेस आहे, शिवाय मागे भुसावळ जंक्शनच आहे, तिथून तर देशात कुठेही जा. ज्याला हजार रुपयांच्या आत झोपून मुंबईला जाता येतं तो विमानाला पैसे का घालेल? व्यापारी घालेल, डाळमिलवाला, पाइपवाला, सराफ, ज्याला दुपारची मीटिंग करून रात्री घरी यायचंय. पण अशी रोज किती माणसं मिळतील? विमान तर रोज भरायला पाहिजे, अर्धं रिकामं गेलं तरी इंधन तेवढंच जळतं, पायलटचा पगार तेवढाच.

म्हणूनच २०१६ मध्ये उडान योजना आली आणि जळगाव त्याच्यात घुसलं. ही योजना मला लोकांना समजावून सांगायला आवडते कारण सगळे फक्त "अडीच हजारात विमान" एवढंच धरून बसलेत. हिशोब असा की विमानातल्या निम्म्या सीट, कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०, या ठरलेल्या भाड्यात विकायच्या, तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार. मग कंपनीला जो तोटा होईल तो सरकार भरून देणार, आणि तो पैसा काही आकाशातून पडत नाही, मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवर ज्या फ्लाइट उडतात त्यांच्यावर एक लेव्ही लावली आणि त्यातून हा फंड, त्यात राज्याचा वाटा २० टक्के. वर विमानतळाचं लँडिंग-पार्किंगचं भाडं माफ, इंधनावरचा राज्याचा व्हॅट १ टक्का. आणि त्या मार्गावर तीन वर्ष दुसरा कोणी येणार नाही. म्हणजे थोडक्यात दिल्लीला मीटिंगला जाणारा साहेब आपल्या कुसुंब्याच्या तिकिटाला हातभार लावतो. भारी वाटतं ना? पण त्या तीन वर्षांत मेख आहे, त्यावर येतोच.

तर २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचं विमान मुंबई-जळगाव आलं. हे तेच कॅप्टन गोपीनाथ, ज्यांनी २००३ मध्ये स्वस्तातलं विमान देशाला दाखवलं, मधे ती कंपनी विकली आणि उडानसाठी नाव परत उभं केलं. विमान बीचक्राफ्ट, १८-१९ सीटचं, म्हणजे आपल्या काळी-पिवळीपेक्षा जरासंच मोठं म्हणा. आप्पा तेव्हा रिटायर व्हायला आलेले. त्यांनी ते विमान कारखान्याच्या गेटवरून बघितलं आणि घरी येऊन सांगितलं की खेळण्यासारखं आहे पण उतरलं बरं का नीट.

ती सेवा काही टिकली नाही. एकट्या कंपनीला दोष देऊन उपयोग नाही, कारण मुंबईची गोष्ट समजून घ्यावी लागते. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, फुलीसारख्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर तासाला चाळीस-पंचेचाळीस विमानं चढ-उतार करतात. आता त्या गर्दीत एक उतरायची वेळ, ज्याला स्लॉट म्हणतात, तो १८० लोकांच्या जेटला द्यायचा की आमच्या १८ लोकांच्या बीचक्राफ्टला? आणि छोटं विमान हळू, त्याच्या मागे-पुढे अंतर सोडावं लागतं, म्हणजे वेळ जास्त खाणार. मग छोट्यांना मिळतात त्या अडनिड्या वेळा, आणि अडनिड्या वेळेला जळगावचा व्यापारी जाणार नाही, कारण त्याला सकाळी जाऊन रात्री यायचंय, आणि व्यापारी नसला तर विमान रिकामं, आणि रिकामं विमान किती दिवस उडवणार. सगळा गुंता त्या मुंबईच्या फुलीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त फटाके का फुटले ते यावरून कळेल. अर्थात पनवेलला उतरून पुढे फोर्टला जायला जो वेळ लागेल त्याच्यावर ग्रुपवर कोणी बोललं नाही.

दुसरा नंबर ट्रूजेटचा, हैदराबादची कंपनी, १ सप्टेंबर २०१९ पासून अहमदाबाद-जळगाव-मुंबई, आणि या वेळी एटीआर. ही मात्र गावाने मनावर घेतली होती. अहमदाबादचं कनेक्शन म्हणजे आमच्या मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांना एकदम सोयीचं, कापूस-सरकी-डाळीचा धंदा तिकडेच. लोकांना सवय लागत होती. आणि सहा-सात महिन्यांत लॉकडाऊन. विमानं मे २०२० च्या शेवटी परत सुरू झाली पण प्रवासी घाबरलेले, आणि कंपनीच २०२२ च्या फेब्रुवारीपासून जमिनीवर आली ती आलीच. म्हणजे परत बगीच्याला पाणी.

याच मधल्या काळात एक गोष्ट बरी झाली. २०२१ मध्ये प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षणाच्या शाळा काढायचं ठरवलं, बेळगाव, खजुराहो, कलबुर्गी, लीलाबारी आणि आमचं जळगाव. कारण उघड आहे, शाळेला मोकळं आकाश लागतं, आणि मोकळं आकाश आमच्याकडे भरपूर, कोणी येतच नाही. हे मी टोमणा म्हणून लिहितोय पण खान्देशचा विमानांशी खरा संबंध बघितला तर तो हाच आहे. धुळ्याला गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं, शिरपूरला खाजगी पट्टीवर फ्लाइंग स्कूल. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षभर स्वच्छ हवा. कुठल्याकुठल्या राज्यातली पोरं गोंदूरच्या आणि शिरपूरच्या आकाशात शिकतात आणि मग मोठ्या कंपन्यांत जातात. म्हणजे खान्देशातून प्रवासी कमी उडाले पण पायलट बरेच उडाले.

आता येऊ या सध्याच्या डावावर. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय९१ आली, गोव्याची कंपनी, एटीआरच, गोवा आणि हैदराबाद, आणि मे महिन्यात पुणे. जूनमध्ये अलायन्स एअरची मुंबई. पुण्याची फ्लाइट लागली त्या दिवशी माझ्या ओळखीतल्या प्रत्येक जळगावकराने स्टेटस ठेवलं होतं. कारण मुंबईला रेल्वे आहे हो, पुण्याचं काय? पुण्याला जायचं म्हणजे एक तर मनमाड-दौंडवरून वळसा घालत गाडी, किंवा ट्रॅव्हल्स. जळगाव जिल्ह्यातलं अर्धं तरुण पोरगं आज पुण्यात आहे, हिंजवडी नाहीतर चाकण, आणि दर शुक्रवारी-रविवारी रात्री ट्रॅव्हल्स भरून वाहतात, दिवाळीला तर भाडं विमानाला लाजवेल असं. मला कोणी विचारलं असतं तर मी १९७३ सालीच सांगितलं असतं की मुंबई सोडा, पुणे जोडा. कोणी विचारलं नाही, मी जन्मलो पण नव्हतो.

एक गोष्ट लोकं कायम विचारतात, मोठं विमान का येत नाही, एअरबस-बोइंग का येत नाही. उत्तर पट्टीत आहे. आपली पट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आतबाहेरची आहे, एटीआरला ती पुरते, आरामात. १८० सीटच्या जेटला भरून उडायचं तर त्यापेक्षा लांब पाहिजे. आणि त्यात आमचं ऊन! मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५-४६ ला जातो हे पेपरात वाचून बाकी महाराष्ट्र हळहळतो, पण विमानाला त्याचं काय होतं हे मला एका पायलट पोराने सांगितलं. गरम हवा पातळ होते, पातळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिन पण कमी जोर देतं, मग तेच विमान जास्त लांब पळतं आणि मगच उठतं. पट्टी तर तेवढीच आहे, मग काय करायचं, वजन कमी करायचं, म्हणजे सीटा रिकाम्या ठेवायच्या नाहीतर इंधन कमी भरायचं. जानेवारीत जे विमान पूर्ण भरून उठतं तेच मे महिन्याच्या दुपारी चार माणसं कमी मागू शकतं. थोडक्यात उन्हाळ्यात विमानाची पण आपल्यासारखीच दमछाक होते, फक्त त्याला कोणी कैरीचं पन्हं देत नाही.

बरं मग पट्टी वाढवा की. तेही एवढं सोपं नाही, डांबर पुढे ओढलं आणि झालं असं नसतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या रुंदीची मोकळी सपाट जागा लागते, दोन्ही टोकांना आणखी मोकळी जागा लागते, विमान घसरून पुढे गेलं तर, आणि शिवाय विमान उतरतानाची जी तिरपी रेषा असते तिच्या आड कुठली टेकडी, टॉवर, धुराडं, पाण्याची टाकी येता कामा नये. म्हणजे पाचशे मीटर पट्टी वाढवायची तर जमीन त्याच्या कितीतरी पट, आणि ती जमीन कोणाची? कुसुंबा-चिंचोलीकडच्या शेतकऱ्यांची. जिथे एमआयडीसी आणि हायवेमुळे भाव आधीच वर गेलेत. आमचे एक काका म्हणतात विस्तार करा, जरूर करा, पण माझ्या शेताच्या दुसऱ्या बाजूला करा. दुसऱ्या बाजूचे पण तेच म्हणत असणार.

आणि खरं सांगू, मला स्वतःला मोठं विमान यायची एवढी घाई नाही. मला घाई आहे ती एटीआर टिकायची. कारण ती तीन वर्षांची मेख. तोटा भरून मिळतो तोपर्यंत कंपनी उडते, तीन वर्षांनी मदत संपली की तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय, आणि तोपर्यंत गावाला सवय लागली पाहिजे. सवय कधी लागते? विमान रोज, त्याच वेळेला, न चुकता आलं तर. आठवड्यातून दोन-तीन दिवस, वेळापत्रक महिन्याला बदलणार, तर माणूस प्लॅन कसा करेल? मग माणूस येत नाही म्हणून फेरी कमी, आणि फेरी कमी म्हणून माणूस येत नाही. वर आजूबाजूला पर्याय आहेतच, संभाजीनगरचा चिकलठाणा दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, रस्ता आता बरा झालाय (मधली काही वर्ष त्या अजिंठा रोडची जी अवस्था होती ती ज्याने भोगली त्यालाच माहीत, मणके मोजून घ्यायचे), धुळ्याचे लोक नाशिकच्या ओझरला नाहीतर शिर्डीला जातात, नंदुरबारचे सुरतला, रावेर-चोपड्याकडचे इंदूरला. म्हणजे आख्खा खान्देश चार दिशांना पांगलाय आणि मधे कुसुंबा वाट बघत बसलंय.

अजिंठ्याचं तर मला कायम आश्चर्य वाटतं. लेण्या इथून साठेक किलोमीटर, एकाच सरळ रस्त्यावर, विमानतळ त्याच रस्त्याला लागून. जपानी, कोरियन टुरिस्ट जळगाव स्टेशनला उतरून टॅक्सी करतात हे आम्ही लहानपणापासून बघतोय, पण त्यांच्यातला कोणी कुसुंब्याला उतरला असेल असं वाटत नाही. लेण्या शेजारच्या जिल्ह्यात म्हणून सगळी जाहिरात संभाजीनगरची, जवळ आम्ही.

आता माझी एक तक्रार, कंपनीचं नाव घेत नाही कारण ही सगळ्यांचीच गोष्ट आहे. चुलत बहिणीच्या हळदीला जायचं होतं, सकाळची फ्लाइट, आदल्या रात्री पावणेअकराला मेसेज, ऑपरेशनल कारणामुळे रद्द, पैसे सात दिवसांत परत. पैसे आले, ते काही बुडाले नाहीत. पण रात्री पावणेअकराला ट्रॅव्हल्स सगळ्या निघून गेलेल्या असतात. शेवटी सकाळी एसटीने संभाजीनगर, तिथून दुसरी गाडी, संध्याकाळी पोचलो तर हळद लागून, धुऊन, लोकं जेवायला बसलेली. बहीण म्हणाली, "दादा विमानाने येणार होता ना तू?" आणि पंगतीत जी हसाहसी झाली ती अजून संपलेली नाही, आता घरात कोणालाही उशीर झाला की म्हणतात विमानाने आला वाटतं.

आप्पांचं मात्र वेगळंच चाललंय. त्यांची एक फेरी झाली आणि ते एकदम तज्ज्ञ झालेत. पारावर बसून सांगतात की पंख वर असलेलं विमान बघून घ्यायचं, खिडकी डाव्या बाजूची मागायची, आणि हातातल्या पिशवीत लाकडी काही ठेवायचं नाही. संध्याकाळी फिरायला अजून त्याच रोडवर जातात, आणि घरघर ऐकू आली की घड्याळात बघतात. मला फोन येतो, "आज वीस मिनिटं लेट होतं." मी पुण्यात ऑफिसमध्ये, मला काय करायचंय, पण मी विचारतो भरलेलं होतं का. ते म्हणतात इथून कसं दिसेल, पण टॅक्सीवाले उभे होते बऱ्यापैकी.

यंदा दिवाळीला आम्ही चौघं घरी चाललोय. फ्लाइट बुक केलीये, आणि त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या दोन डबल बर्थ पण सांगून ठेवल्यात, नेहमीच्या बुकिंगवाल्याला फोन करून म्हटलं भाऊ पैसे आत्ता नाही टाकत, सहा वाजेपर्यंत नक्की कळवतो, लागतील का नाही. तो म्हणाला, "सात वाजेपर्यंत चालेल. विमानवाले सगळे सातलाच कळवता भो."